सनदेचा अर्ज

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील जे स्थानक वेळापत्रकात भंडारा रोड या नावाने छापले जाते, ते वस्तुतः मोहाडी तालुक्यातील वरठी या गावात असून, खुद्द भंडारा शहर तेथून दहाएक किलोमीटर अंतरावर आहे. पोलादाच्या कारखान्यामुळे आणि या स्थानकामुळे वरठीला जी थोडीबहुत नागर कळा आली आहे, तिच्या आश्रयाने कामगारांची, रेल्वे नोकरांची आणि आसपासच्या धानउत्पादक शेतकऱ्यांची मुले नागपूरला शिकावयास जातात. त्यांपैकी काही कायद्याकडे वळतात, आणि तीन किंवा पाच वर्षांनंतर पदवी हातात घेऊन परततात. गावच्या दृष्टीने त्या दिवसापासून ती मुले वकील झालेली असतात. शेजारचे काका जमिनीच्या फेरफाराची नक्कल दाखवावयास घरी येऊन बसतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती अद्याप कोणीही नसतात. पदवी आणि वकीलपत्र यांच्या मध्ये एक अर्ज, एक प्रतिज्ञापत्र आणि एक परीक्षा उभी आहे, आणि या प्रकरणात विचार करावयाचा तो या तिहींचा, विशेषतः त्यांत नीतीला किती स्थान आहे याचा.

वकिली हा व्यवसाय कोणी करावा हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे दीर्घकाळ न्यायालयांच्या हाती होता. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांतात व नंतर मध्य प्रदेशात मोडत असल्यामुळे येथील जुन्या वकिलांच्या सनदा मुंबईच्या नव्हे, तर नागपूरच्या न्यायपीठाशी निगडित असत. या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी १८७९ चा कायदे व्यावसायिकांविषयीचा अधिनियम होता. त्यात वकील, मुख्त्यार आणि महसुली कामे पाहणारे एजंट अशा श्रेण्या होत्या. कालांतराने त्यात एक विलक्षण तरतूद आली: अशिलांना फूस लावून वकिलाकडे आणणाऱ्या दलालांची यादी न्यायालयाने करावी, ती कचेरीत टांगावी आणि त्यांना आवारात पाऊल ठेवू देऊ नये. परकीय सरकारलाही वकिलीच्या दाराशी उभ्या असलेल्या या मध्यस्थाची चिंता वाटत होती, आणि ती चिंता काही निराधार नव्हती, हे यावरून सिद्ध होते की स्वतंत्र भारताच्या संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये तो जुना अधिनियम रद्द करताना दलालांच्या यादीचे ते कलम मात्र उचलून १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात आणून बसविले. राज्ये गेली, प्रांत गेले, मुख्त्यार गेले. दलाल तेवढा राहिला.

१९६१ च्या अधिनियमाने श्रेण्यांचा तो पसारा आवरून ‘अधिवक्ता’ असा एकच वर्ग निर्माण केला, आणि त्या वर्गाची नोंदवही न्यायालयाकडून काढून व्यावसायिकांच्याच निर्वाचित मंडळाकडे, म्हणजे राज्य बार कौन्सिलकडे सोपविली. वरठीच्या पदवीधराला ज्या दारी जावे लागते ते दार मुंबईत, फोर्ट भागात, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलचे आहे. तेथे नाव दाखल झाले की त्याला सनद मिळते. लोकांच्या बोलण्यात आजही ‘सनद काढली’ असेच म्हणतात. अधिनियमातील ‘नावनोंदणी’ हा शब्द कागदावरच राहिला आहे.

ही नोंदणी किती पैशांत व्हावी हे अधिनियमाच्या चोविसाव्या कलमातच लिहिलेले आहे: राज्य कौन्सिलला सहाशे रुपये आणि भारतीय बार कौन्सिलला दीडशे, अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदारांना अनुक्रमे शंभर आणि पंचवीस. प्रत्यक्षात निरनिराळ्या राज्यांतील कौन्सिलांनी ग्रंथालय, कल्याण निधी, इमारत, ओळखपत्र अशा नानाविध शीर्षकांखाली जी भर घातली, तिच्यामुळे ही रक्कम पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत जाऊन पोहोचली होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार खटल्यात या प्रथेला आळा घातला आणि संसदेने ठरविलेल्या रकमेपेक्षा एक पैसाही अधिक घेता येणार नाही असे ठरविले. मागे घेतलेले पैसे परत करण्याची सक्ती मात्र केली नाही. या निर्णयाचे मोल ज्याला कळावयाचे असेल त्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे १९२३ हे वर्ष आठवावे. लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन आलेल्या या विद्वानाजवळ मुंबईत वकिली सुरू करण्यासाठी सनद घेण्यापुरतेही द्रव्य नव्हते, आणि ते नवल भथेना या पारशी मित्राने पुरविले. त्याच आंबेडकरांनी पुढे १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि ते पराभूत झाले, ही गोष्ट या भागातील वृद्ध मंडळी अजूनही किंचित खजील होऊन सांगतात. ज्याच्यापाशी भथेना नाही अशा अर्जदाराला साडेसातशे आणि पंधरा हजार यांतला फरक म्हणजे एक वर्षाचा विलंब, क्वचित कायमचा.

पैशांचा प्रश्न सुटला तरी अर्जातील खरा अवघड भाग पुढेच असतो. अर्जासोबत जे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे, त्यात अर्जदाराने सांगावयाचे असते की तो कोणत्याही पगारी नोकरीत नाही, अन्य व्यापार वा व्यवसाय करीत नाही, आणि त्याच्यावर फौजदारी खटला चालू आहे किंवा नाही, पूर्वी झाला होता किंवा नाही. अधिनियमाच्या कलम २४-अ अन्वये नैतिक अधःपतनाच्या अपराधाबद्दल शिक्षा झालेल्या माणसाचे नाव, सुटकेनंतर दोन वर्षे लोटेपर्यंत, नोंदवहीत येऊ शकत नाही. आणि त्याच कलमात, अगदी त्याच पंक्तीत, अस्पृश्यतेच्या अपराधाविषयीच्या १९५५ च्या अधिनियमाखाली झालेली शिक्षाही अपात्रतेचे कारण म्हणून नमूद आहे. ज्याने माणसाला विहिरीवरून हाकलले त्याने न्यायालयात माणसाची बाजू मांडू नये, हा विचार कायदा करणाऱ्यांनी इतक्या साधेपणाने लिहून ठेवला आहे की वाचणाऱ्याचे तिकडे सहसा लक्षच जात नाही.

नोकरीचा रकाना वरठीसारख्या गावी विशेष जाचक ठरतो. कारखान्यात पाळी सांभाळून, रजा वाचवून, रेल्वेचा मासिक पास काढून ज्याने तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला, त्याला सनदेच्या दारात सांगितले जाते की पूर्णवेळ पगारी नोकर असलेल्या इसमाला वकिली करता येत नाही. हा बार कौन्सिलचा एकोणपन्नासावा नियम. येथे मनुष्याचे मन डळमळते; हजेरीपटावर नाव राहू द्यावे आणि सनदही काढून ठेवावी, कोण पाहतो आहे, असा विचार त्याच्या मनात येतो. महाराष्ट्राला या विषयावर एक ठोस निवाडा लाभला आहे. मुंबईतील एका शल्यवैद्याने कायद्याची पदवी घेतली आणि शस्त्रक्रिया न सोडता वकिलीची सनद मागितली. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली. आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चुलानी खटल्यात कौन्सिलचा पक्ष उचलून धरला. न्यायालयाचा युक्तिवाद असा की वकिली हे पूर्णवेळ लक्ष मागणारे काम आहे, आणि शस्त्रक्रियागृहात रुग्ण व न्यायालयात अशील एकाच वेळी वाट पाहत असतील तर दोघांपैकी एकाचा घात ठरलेला. मला हा निर्णय योग्य वाटतो, पण तो देताना न्यायासनासमोर सुस्थितीतील शल्यवैद्य होता. एक पगार सोडल्यावर दुसरी मिळकत सुरू होईपर्यंत जो काळ जातो, त्याची झळ लागलेला कामगार तेथे नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

आता परीक्षेकडे वळू. भारतीय बार कौन्सिलने ६ मार्च २०११ रोजी पहिली अखिल भारतीय बार परीक्षा घेतली, आणि २००९-१० पासून पदवी घेणाऱ्या प्रत्येकाला ती आवश्यक केली. नोंदणी झालेल्या अधिवक्त्याने दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी आणि प्रॅक्टिसचे प्रमाणपत्र घ्यावे, अन्यथा त्याची वकिली थांबावी, अशी योजना. आरंभी हिला कडाडून विरोध झाला. १९९९ च्या सुदीर खटल्यात न्यायालयाने नवोदितांवर प्रशिक्षणाची अट लादणारे नियम एकदा रद्द केले होते, त्यामुळे परीक्षेचा अधिकार तरी कौन्सिलला कोठून आला, असा आक्षेप होता. एका लॉ कॉलेजाच्या तपासणीवरून निघालेल्या वादात अखेर १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सुदीर निर्णय चुकीचा ठरविला आणि परीक्षा नोंदणीपूर्वी घ्यावी की नंतर हे ठरविण्याचा अधिकार कौन्सिललाच आहे असे सांगितले. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने अंतिम सत्रातील विद्यार्थ्यांनाही परीक्षेस बसू द्यावे असा आदेश दिला, त्यामुळे पदवी आणि सनद यांच्यामध्ये फुकट जाणारे कित्येक महिने वाचण्याची सोय झाली.

परीक्षेची नोंदणी संगणकावरून होते. छायाचित्र, स्वाक्षरी, ओळखपत्र, असल्यास नोंदणीचा दाखला आणि जातीचे प्रमाणपत्र चढवावयाचे, परीक्षेची भाषा निवडावयाची, केंद्राचे शहर निवडावयाचे, आणि शुल्क भरावयाचे. हे शुल्क साडेतीन हजार, अनुसूचित जाती-जमातींसाठी अडीच हजार. सनदेचे शुल्क साडेसातशेवर आले असता परीक्षेचे त्याच्या चौपटीहून अधिक असावे, ही विसंगती कोणाही साध्या माणसाच्या ध्यानात येईल. वरठीकर नागपूर केंद्र निवडतो, आणि भाषा बहुधा इंग्रजी, जरी प्रश्नपत्रिका मराठीतही मिळू शकते. कारण महाविद्यालयात कलमे इंग्रजीतून पाठ झालेली असतात आणि मराठी अनुवादातील ‘प्रतिवृत्त’, ‘अभिसाक्ष्य’ असे शब्द त्याला परके वाटतात. ज्या भाषेत तो उद्या भंडाऱ्याच्या जिल्हा न्यायालयात साक्षीदाराची उलटतपासणी घेणार आहे, त्याच भाषेला तो परीक्षेत भितो, हा दोष त्याचा नव्हे.

शंभर वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुणकपात नाही, उत्तीर्ण होण्यास सर्वसाधारण वर्गाला पंचेचाळीस टक्के व अनुसूचित जाती-जमातींना चाळीस. पूर्वी पुस्तके उघडून उत्तरे लिहिता येत. आता केवळ टीपा नसलेली मूळ अधिनियमांची पुस्तके नेता येतात. हे शंभर प्रश्न एकोणीस विषयांत वाटलेले असून राज्यघटनेला दहा, दिवाणी प्रक्रियेला दहा, फौजदारी प्रक्रियेला दहा, आणि व्यावसायिक नीती व गैरवर्तनाच्या प्रकरणांना चार. गणित करून पाहावे: नीतीचे चारही प्रश्न चुकवून, किंबहुना त्या पानावर दृष्टीही न टाकता, उरलेल्या शहाण्णवांतून पंचेचाळीस मिळवून मनुष्य निर्वेध वकील होऊ शकतो.

सातासमुद्रापार, अमेरिकेत, याच प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने झाला आहे. वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सनपासून त्यांच्या सल्लागारांपर्यंत जी माणसे गुंतली होती, त्यांत वकिलांची संख्या इतकी मोठी निघाली की अमेरिकन बार असोसिएशनने १९७४ मध्ये कायद्याच्या महाविद्यालयांत व्यावसायिक उत्तरदायित्वाचे शिक्षण सक्तीचे केले, आणि १९८० पासून केवळ नीतीवरच आधारलेली स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. साठ प्रश्न, दोन तास, वर्षातून तीनदा. विस्कॉन्सिनसारखा एखादा अपवाद वगळता बहुतेक सर्व राज्यांत तिच्यावाचून प्रवेश नाही. गुणांची मोजणी ५० ते १५० या पट्टीवर होते, उत्तीर्णतेची रेषा राज्यागणिक बदलते, आणि कॅलिफोर्नियाची ८६ ही त्यांतील कठोर गणली जाते. तेथे नोंदणी करताना नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळले पाहिजे, अन्यथा परीक्षागृहाच्या दारातून परत जावे लागते. आमच्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आधी, आडनाव शेवटी, पदवीवर नेमके उलटे, आणि आधारपत्रावर तिसरेच, अशी जी घरगुती परिस्थिती असते तिला तेथे क्षमा नसती.

पण त्या परीक्षेची पुस्तके आणून भारतीय विद्यार्थ्याने पाठ करावीत असे मी म्हणणार नाही, कारण नीतीचे नियम सर्वत्र सारखे नाहीत. खटला जिंकल्यास मिळालेल्या रकमेतील अमुक हिस्सा वकिलाला, हरल्यास काहीच नाही, असा करार अमेरिकेत बहुसंख्य दिवाणी प्रकरणांत मान्य असून तेथील परीक्षेत त्याच्या मर्यादांवर प्रश्न येतात. आपल्या बार कौन्सिलच्या विसाव्या नियमाप्रमाणे तोच करार गैरवर्तन ठरतो. १९५४ मध्ये मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीतील अर्धा हिस्सा ठरवून घेतल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा न्यायालयाने सांगितले की दोन सामान्य माणसांत असा करार बेकायदा नसला तरी वकिलाला तो शोभत नाही. न्यायालयाने त्या वकिलाचे नाव न छापता ‘जी’ एवढेच अक्षर निवाड्याच्या शिरोभागी घातले, ही त्या काळची शालीनता. भंडारा जिल्ह्यात, जेथे गोसीखुर्द धरणासाठी गावेच्या गावे पाण्याखाली गेली आणि जमिनीच्या मोबदल्याचे दावे वर्षानुवर्षे चालले, तेथे हा विसावा नियम केवळ पुस्तकी नाही. धरणग्रस्त शेतकऱ्याजवळ आज देण्यास रोख काही नसते, उद्या मोबदला येणार असतो, आणि हिश्शाचा करार दोन्ही पक्षांना सोयीचा वाटतो. तोच धोका. दाव्यात स्वतःचा वाटा असलेला वकील तडजोडीचा सल्ला अशिलाच्या हितासाठी देतो की आपल्या, हे मग त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

जाहिरातीचेही तसेच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. आपल्याकडे छत्तिसावा नियम प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष मागणी करून काम मिळविण्यास मनाई करतो, दारावरची पाटीदेखील वाजवी आकाराची असावी असे सांगतो, आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र असा ठरावीक मजकूरच देऊ देतो. या नियमाची कसोटी लागली ती महाराष्ट्रातच. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांच्या प्रवेशद्वाराशी काही वकील उभे राहत, येणाऱ्या पक्षकारावर धाव घेत, त्याच्या हातातील कागद ओढून घेत, एकमेकांपेक्षा कमी फी सांगत आणि प्रसंगी आपापसांत हातघाईवर येत, अशी तक्रार उच्च न्यायालयाकडून बार कौन्सिलकडे आली. राज्य कौन्सिलने त्यांना दोषी धरले, भारतीय बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने अपिलात त्यांना सोडले, आणि राज्य कौन्सिलने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा आधी प्रश्न निघाला तो असा की, कौन्सिलला स्वतःला या निर्णयाने काय झळ पोहोचली की तिने अपील करावे? १९७५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने उत्तर दिले की व्यवसायाच्या प्रतिष्ठेचे रक्षण हे कौन्सिलचे कर्तव्य असल्याने त्या प्रतिष्ठेला लागलेली झळ ही कौन्सिललाच लागलेली झळ आहे. पुढील निवाड्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा ओढाताणीची जी निर्भर्त्सना केली, ती कायद्याच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावी. दाभोलकर प्रकरण या नावाने ती सहज सापडते. महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक नीतीची एक सक्तीची प्रात्यक्षिक परीक्षा आहेच, आणि २००८ च्या शिक्षण नियमांत तिच्यासाठी शिस्तपालन समित्यांची पन्नास निवडक मते व सर्वोच्च न्यायालयाचे दहा निवाडे नेमलेले आहेत. ही मते नेमकी कोणती, याची विचारपूस विद्यार्थ्यांनी केली तर अनेक महाविद्यालयांची तारांबळ उडेल.

तेव्हा चार गुणांच्या त्या भागाला मी परीक्षा मानत नाही. खरी परीक्षा प्रतिज्ञापत्राच्या त्या रकान्यांत आहे, कारण तेथे गुण नाहीत, पर्याय नाहीत, आणि उत्तर जगात फक्त अर्जदारालाच ठाऊक असते. बार परीक्षेत नापास झालेला पुन्हा बसू शकतो, कितीही वेळा; प्रतिज्ञापत्रात खोटे लिहिलेल्याला मात्र अशी दुसरी संधी कायद्याने ठेवलेली नाही. अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाच्या परंतुकात म्हटले आहे की एखाद्या महत्त्वाच्या गोष्टीविषयी दिशाभूल करून किंवा लबाडीने कोणी नाव दाखल करवून घेतले असेल, तर भारतीय बार कौन्सिल त्याचे म्हणणे ऐकून घेऊन ते नाव नोंदवहीतून काढून टाकू शकते, आणि यासाठी परंतुकात मुदतीची कोणतीही मर्यादा नाही. लपविलेली नोकरी दहा वर्षांनी एखाद्या नाराज पक्षकाराच्या हाती लागते. दडविलेला खटला सत्र न्यायालयाच्या नोंदीत पडून असतो. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या पदव्यांच्या पडताळणीसाठी उच्चाधिकार समिती नेमली, यावरून हे कागद पुन्हा कोणी पाहणारच नाही या समजुतीत किती तथ्य आहे ते कळावे.

म्हणून वरठीहून, मोहाडीहून, भंडाऱ्याहून सनदेसाठी निघालेल्या तरुण-तरुणींस माझी सूचना अशी आहे: नाव सर्व दाखल्यांवर एकसारखे नसेल तर अर्ज करण्यापूर्वी राजपत्रातून वा प्रतिज्ञापत्राने ते जुळवून घ्या, नोकरी असेल तर राजीनाम्याची तारीख अर्जाच्या तारखेच्या आधीची असू द्या, कॉलेजच्या आंदोलनात नोंदविलेला, नंतर विस्मरणात गेलेला एखादा गुन्हा असेल तर तोही क्रमांकासह लिहा, कारण लिहिलेला खटला बहुतेक वेळा सनद अडवीत नाही, न लिहिलेला अडवितो, आणि भरलेल्या अर्जाची प्रत आयुष्यभर जपून ठेवा.